त्या पायाक हात लावू नको!

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते... कारण ही गोष्ट ऐकली की प्रत्येक जण मला काहीतरी समजावायला बसतो आणि मला त्याचा वैताग आलाय.

मी पेडण्याची. बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना डिचोलीच्या बाजूला एका हॉस्पिटलात आमची ड्युटी होती, पुरुषांचा वॉर्ड. माझा पेशंट म्हणजे खाणीवरचा ट्रक ड्रायव्हर, सावंतवाडीकडचा. डोक्याला मार लागून बेशुद्ध, घशात नळी. सकाळी त्याचं अंग पुसून, हातापायांना तेल लावायचं होतं. डावा पाय झाला. उजव्या पायावरची चादर काढायला हात पुढे केला, तोच मागून जाड, चिडका आवाज —

"त्या पायाक हात लावू नको गो!"

मी वळले. शेजारची खाट रिकामी, तिथला पेशंट एक्स-रेला गेलेला. बाकीचे लांब, झोपलेले. "कोण ते?" म्हणून मीही चिडूनच विचारलं.

चादर उचलली तर पोटरी सुजून लाल, गरम! चोळली असती तर...? धावत जाऊन सिस्टरना बोलावलं. तपासणीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. चोळून ती सुटली असती, तर थेट फुप्फुसात. माणूस गेला असता... माझ्या हातून.

"तुला कसं कळलं?" आमच्या मॅडमनी विचारलं.

"कोणीतरी सांगितलं."

"कोणी?"

"माहीत नाही, मॅडम."

"व्हायव्हात अशीच उत्तरं देणार आहेस?"

घरी आई म्हणाली, "सातेरी देवीनं राखल्यान तुका, नारळ ठेव." मी म्हटलं, अगं, आवाज पुरुषाचा होता! रूममेट म्हणे, सूज तुझ्या नजरेला आधीच दिसली असणार, मनच बोललं. पण पाय चादरीखाली होता ना! हे कितीदा सांगू?

वाटलं, आवाज मागून आला, घशात नळी होती, तरी कदाचित पेशंटच बोलला असेल. पुढे तो शुद्धीवर आला, नळीही निघाली. मी मुद्दाम भेटायला गेले. "माका कायच आठवणा नाय," तो म्हणाला. बारीक, पोरगेलासा आवाज. बायको म्हणाली, आधीपासून असाच.

म्हणजे तोही नव्हे. आज मी स्वतः वॉर्ड सांभाळते, तरी उलगडा झालेला नाही. आणि खरा संताप याचाच येतो... आभार मानायचे, तर कोणाचे?