खोलीचा मेल

"अजमानला समुद्र अगदी जवळ आहे, नाही का रे महादू? वहिनींना आवडेल," फोरमन संजय जाता जाता म्हणाला आणि जिना चढून वरच्या मजल्यावर गेला.

महादूच्या हातातला पाना हातातच राहिला. अजमानची गोष्ट त्याने जगात एकाच माणसाला सांगितली होती. ते माणूस, म्हणजे त्याची बायको रंभा, तिकडे कोकणात, खेडजवळच्या गावात होती.

महादू एसीचे डक्ट बसवायचा. दुबईच्या अल क्वोज भागातल्या कंपनीच्या खोलीत त्याच्या उमेदीची वर्षे गेली होती. मुलगी समिधा त्याला फोनवरच मोठी होताना दिसली. ती आता कॉलेजात जाईल इतकी झाली आणि त्याच सुमारास दुबईशेजारच्या अजमानमध्ये एसी दुरुस्तीचे छोटे दुकान चालवणाऱ्या अफनानने त्याला विचारले, "माझ्याकडे येतोस का? फॅमिली आणायला मी मदत करतो." अजमानमध्ये भाडी कमी. महादू सुट्टीच्या दिवशी जाऊन दुकान बघून आला, दोन खोल्यांचे घर बघून आला, घराच्या दारात उभे राहून फोटो काढला आणि रंभाला पाठवला. खोलीतल्या कोणालाही त्याने पत्ता लागू दिला नाही.

पत्ता लागू न देण्याला कारण होते. कोणी सोडून जाणार अशी कुणकुण लागली, की त्याचे नाव वाळवंटातल्या लांबच्या साइटच्या बसमध्ये पडायचे. तिथून महिनोन्महिने बाहेर पडता येत नसे. तोवर नवा मालक थोडाच थांबतो? अफनानने महिनाअखेरपर्यंतच वाट बघतो म्हटले होते. आणि माणसांची नावे बसमध्ये घालायचे काम संजयकडे होते.

त्या दिवसापासून महादूला जेवण जाईना. संजयला कळले कसे? रंभा तर असे काही बोलणारी नव्हती. मग उरला फोन.

"फोन ऐकतो रे," खोलीतला सर्वांत जुना माणूस भिवा ठामपणे म्हणाला. "परवा मी नुसतं म्हटलं, दाढी वाढली. लगेच ब्लेडची जाहिरात! मी तर झोपताना तांदळाच्या डब्यात ठेवतो."

"आणि घरी बोलायचं झालं तर?"

"तर काय, डब्यात तोंड घालून बोल!" भिवा हसला. महादूला हसू आले नाही. तो रंभाशी कुजबुजत बोलू लागला. मग तेही सोडले आणि "बरा आहे, जेवलो" एवढेच सांगू लागला. रंभा घाबरून विचारायची, "तिथं काही झालंय का?" तो म्हणायचा, "काही नाही." साइटवर संजय समोर आला, की तो मान खाली घालून पाना फिरवत राहायचा. संजय मात्र हसून पुढे जायचा, आणि त्या हसण्याचीच महादूला जास्त भीती वाटायची.

रविवारी दुपारी तो रेहानच्या मोबाइलच्या दुकानात गेला.

"भाई, ऐसा फोन दो जो किसी को कुछ बोले नहीं," तो म्हणाला.

रेहान हसला. "हबीबी, ऐसी तो बीवी भी नहीं मिलती. बजेट?"

"पाचशे दिरहम. म्हणजे..." सवयीने महादूने रुपये करायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. रुपये केले, की फोन घेववत नाही.

रेहानने तीन फोन काढले. पहिला चकचकीत आणि स्वस्त होता, पण त्यात आधीच भरलेली ढीगभर ॲप होती आणि ती काढून टाकता येत नव्हती. "सस्ता है, क्योंकि ये सब तुम पे नज़र रखेंगे." दुसरा मोठ्या नावाचा, पण वापरलेला. कंपनीने त्याचे अपडेट बंद केले होते. "दरवाज़ा मज़बूत, ताला पुराना." तिसरा साधा, जाडसर, दिसायला काहीच खास नाही. त्यात फालतू ॲप नव्हती, पुढची काही वर्षे अपडेट येणार होते आणि कोणते ॲप माइक वापरते, कोणते कॅमेरा, ते एका जागी दिसत होते. नको त्याचा माइक बंद करता येत होता.

महादूने तिसरा घेतला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या छातीवरचे ओझे थोडे हलले.

"जीमेल बोलो," रेहान फोन चालू करत म्हणाला.

महादूने खोलीचा मेल सांगितला. त्यात त्याला वावगे काहीच वाटले नाही. खोलीत सगळे एकाच गावचे. गॅस खोलीचा, कुकर खोलीचा, तसा मेलही खोलीचा. भिवाने तो फार पूर्वी उघडला होता, आणि जो नवा माणूस येई त्याच्या फोनला तोच लावून देई. पासवर्ड विसरायची भीती नव्हती, कारण ते ग्रामदेवतेचे नाव होते, वाघजाई, आणि पुढे खोलीचा नंबर.

रेहानने फोटोंचे ॲप उघडून फोन पुढे केला. "देखो, तुम्हारा पुराना सब आ गया."

महादूने ते ॲप आजवर उघडले नव्हते. जुन्या फोनमध्ये तो नुसती गॅलरी बघायचा; काढलेला प्रत्येक फोटो आपोआप मेलवर जातो, हे त्याला माहीतच नव्हते. आता त्याने बोट फिरवले. भिवाचे एक्स-रे दिसले. कोणाच्या तरी बायकोचा दवाखान्यातला फोटो दिसला. समिधा दिसली. अजमानच्या घराच्या दारात उभा असलेला तो स्वतः दिसला, आणि खाली जागेचे नाव, अजमान. आणि त्याच्या जरा वर संजय दिसला, स्वतःच्या पिकअपजवळ उभा. पिकअपमध्ये कंपनीच्या गोदामातली तांब्याच्या पाइपची बंडले भरलेली. गोदामातला माल फोरमनच्या खाजगी गाडीत असायचे काहीच कारण नव्हते.

संजय फोरमन होण्याआधी ह्याच खोलीत राहत होता. त्याचाही पहिला फोन भिवानेच लावून दिला होता.

"रेहानभाई," महादूने विचारले, "ये फोटो बाकी लोगों को भी दिखता है?"

"जिस जिस के फोन में ये मेल है, सबको." रेहानने मान वर केली. "क्यों? किस किस के पास है?"

महादू उत्तर देणार, तेवढ्यात त्याच्या खिशातला जुना फोन वाजला. संजयचे नाव बघून त्याने तो हळूच कानाला लावला.

"काय रे, नवा फोन घेतलास वाटतं?" संजयचा आवाज मोकळा होता. "मला मेसेज आला, कोणीतरी नव्या फोनवरून मेलमध्ये आलंय म्हणून. म्हटलं, आपला महादूच असणार."

"हो, संजयभाऊ."

"छान. बॅग भरून ठेव. वाळवंटाच्या साइटला माणूस कमी आहे, उद्याच्या बसमध्ये तुझं नाव घालतोय."

काउंटरवर नवा फोन उघडाच पडला होता आणि त्यात पिकअप दिसत होता. "पिकअप..." एवढेच महादूच्या तोंडून निघून गेले.

"काय म्हणालास?" पलीकडचा आवाज बदलला. "तू काय बघतोयस? माझे फोटो... तुझ्याकडे पण दिसतात का?"

खोटे बोलावे असे महादूच्या फार मनात आले. जमले नाही.

"दिसतात."

मग संजय हळू आवाजात म्हणाला, "बसचं राहू दे. अजमानचं तू स्वतः ऑफिसात सांग, मी मध्ये येत नाही. पण महादू, तू पण काही बघितलं नाहीस. कळलं ना?"

फोन बंद झाला. महादूला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण आतापर्यंत संजय त्याला नुसता हेरत होता. ह्यापुढे संजय त्याला घाबरणार होता, आणि घाबरलेला फोरमन काय करेल याचा नेम नव्हता. उद्या ऑफिस उघडताच राजीनामा द्यायचा, हे त्याने तिथेच ठरवले. संजयच्या शब्दावर एक दिवसही काढण्याची त्याची तयारी नव्हती.

"ये मेल निकाल दो," तो रेहानला म्हणाला. "नया बनाओ. अकेले मेरा."

रेहानने नाव भरले आणि फोन त्याच्या हातात दिला. "पासवर्ड तुम डालो. मैं नहीं देखता." आणि खरोखरच त्याने पाठ फिरवली.

महादू विचार करू लागला. देवीचे नाव नको. गावाचे नको. रंभा, समिधा, घरचा बैल, मुलीची जन्मतारीख... मनात येणारा प्रत्येक शब्द खोलीतल्या कोणाला ना कोणाला ठाऊक होता. कोणालाच माहीत नाही असे आपले म्हणून काही त्याला आठवेना. फोन हातात धरून तो काउंटरपाशी तसाच उभा राहिला.

"हो गया?" रेहानने पाठमोऱ्यानेच विचारले.

"रुको," महादू म्हणाला.