चहाच्या आधीची ओळ

आप्पांची शेवटची ओळ मीच पुसली.

फोन करून करून विचारू नका. एकदाच मोबाईलला बोलून सांगते, सगळ्यांनी वाचा.

आप्पा म्हणजे माझे सासरे. परवा पहाटे गेले, झोपेतच.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले तेव्हा जाड रजिस्टर आणलं. म्हणे आयुष्य लिहिणार. थोडे दिवस लिहिलं, बंद. दुसरं आणलं, तेही बंद. रद्दीवाला खुश.

मग एक दिवस नातीची जुनी पाटी घेऊन दारातल्या खुर्चीत बसले.

"मोठं लिहायला बसलो की उठून जातो, सूनबाई. एवढंसं असलं की बसेन."

कायदे त्यांचेच. रोज एकच ओळ, आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंच. देवदर्शन नाही, राजकारण नाही, स्वतःचं दुखणं तर नाहीच. कालची पुसायची, मगच आजची.

आणि ओळ झाल्याशिवाय चहा नाही.

चहाशिवाय ज्या माणसाचं पान हलत नव्हतं त्यानं हे स्वतःवर लादून घेतलं. घरात कुणी सांगितलं नव्हतं हो!

मी ओरडायची. "आप्पा, गार होतोय. खरडा ना काहीतरी."

"काहीतरी नाही चालत."

इकडे हिंदी मुलखात, आमच्या फ्रीगंजच्या गल्लीत ऑटोवाले थांबायचे. "बाबूजी, आज क्या देखा?" मराठी कळो न कळो, वाचून हसून जायचे.

एकदा जेवायची वेळ झाली तरी पाटी कोरी. माझं डोकं फिरलं.

"काही दिसत नसेल तर माझं तोंड लिहा!"

हसले. आणि लिहिलं, "सूनबाई चिडली की बांगड्या वर सारते."

मी हाताकडे पाहिलं. बांगड्या पार वर.

इतकी वर्षं हात माझे, आणि मलाच ठाऊक नव्हतं.

म्हटलं, "इतकं छान, पुसता कशाला? वहीत ठेवा."

"ठेवलं की तेच वाचत बसेन. मग उद्याचं बघणार कोण?"

यंदा हात थरथरायला लागला. अक्षर मोठं झालं, ओळीत शब्द कमी मावायला लागले. हे म्हणाले, "आप्पा, दोन ओळी लिहा ना आता. कोण बघतंय?"

"मी बघतोय."

बस. दुसरी ओळ नाहीच.

शेवटी तर दोनच शब्द मावायचे. जायच्या आदल्या दिवशी लिहिलं, "ऊन पायावर." मग दोन घोट चहा घेतला.

आता हे म्हणतात फ्रेम करू. नणंद इंदूरहून आलेली, रडत म्हणाली, "वहिनी, पाटीला हात लावायचा नाही."

काल सकाळी शेजारच्या भाभींनी घरातल्या सगळ्यांसाठी चहा आणून ठेवला. मी ओलं फडकं घेतलं आणि पाटी पुसली.

नणंद किंचाळली. "अगं, काय केलंस हे!"

"आप्पा असते तर काय केलं असतं?"

मग हेच म्हणाले, "पुसलीस ना? आता लिही."

मी चौथी पास. किराण्याची यादीसुद्धा मोबाईलला बोलून पाठवते. पेन्सिल हातात, आणि काही सुचेना. सगळे बघतायत. चहावर साय आली.

तेव्हा कळलं, हा माणूस रोज सकाळी काय करत होता. एक ओळ! आणि तीही पुसायची. कुठून आणत होता एवढी ताकद?

बघत बसले. खूप वेळ बघत बसले. मग लिहिलं.

"आप्पांच्या चपलेत अंगठ्याचा खड्डा आहे."

नणंदेनं वाचलं. उठून दाराशी गेली, चपलेत बोट घालून पाहिलं. परत आली आणि थंड चहाचा कप माझ्या हातात दिला.

आज सकाळी तीही ओळ पुसली.

या आता, आप्पा. तुमच्या सूनबाईचा नमस्कार.