बोंबलाच्या पाण्यात भिजलेली वही

आशागडला रिक्षा बदलली आणि वही पहिल्या रिक्षातच राहिली, हे दुसरीत बसताना कळलं. स्टँडवर येईल त्या रिक्षाची सीट उचलून पाहिली. शंभर तरी असतील, बरं, वीस असतील. वही नाही.

तिच्यात अ‍ॅनाबाप्टिस्ट हुतात्म्यांच्या नोंदी होत्या. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात या माणसांनी मोठेपणी, समजून-उमजून बाप्तिस्मा घेतला, म्हणून त्यांना जाळलं, बुडवलं. तलासरीच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीतही सगळ्यांचा बाप्तिस्मा मोठेपणीच झालेला, त्यामुळे ते मला घरचेच वाटत. तीन वर्षं जुन्या पुस्तकांतून सापडेल ते बॉलपेननं उतरवलं. मग, खोटं कशाला बोलू, जेल पेननं मसाला घातला. एक हुतात्मा गोठलेल्या तळ्यावरून पळाला. पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून बुडू लागला, तेव्हा यानं मागे फिरून त्याला वाचवलं. मी त्यात आणखी सहा शिपाई बुडवले, वर एक घोडा.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, उपासनेत वाचन होतं. झेरॉक्सलाच डहाणूला गेलो होतो, तर तिथे वीज नव्हती. दुसरी प्रत नाही. पाळक म्हणाले, "वहीशिवाय उभा राहू नकोस, बाबा. तुझ्या तोंडून ऐकलं तर लोकांना हुतात्मेही थापच वाटतील."

खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मरणापर्यंत खरं बोललेली माणसं माझ्यामुळे खोटी ठरणार! "प्रभू, माझी अब्रू जाऊ दे, त्यांची सांभाळ," एवढंच रात्रभर म्हणत राहिलो.

सकाळी उपासनेआधी प्रार्थनाघराच्या दारात चिखले गावची एक मासेवाली उभी. "ही वही कोनाची? वर इथला पत्ता हाय. रिक्षात माझ्या पाटीखाली गेलती. बोंबलाचं पानी प्यालीय, नाक धरून वाच रे दादा!"

तिथेच उघडली. जेल पेनची शाई पार धुऊन गेली होती. सहा शिपाई गेले, घोडाही गेला. बॉलपेनचं अक्षर न अक्षर शाबूत.

उरलं होतं तेवढंच वाचलं. शेवटची नोंद त्या गोठलेल्या तळ्याची होती. जे प्रभूनं पुसलं ते पुन्हा लिहायचं नाही, हे तिथेच कळलं; सांभाळणारा तो, मी नुसता वाचणारा.

मासेवाली मावशी पाटी घेऊन मागे थांबली होती. "मग त्या शिपायानं त्याला सोडलं ना?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. जन्मात पहिल्यांदा मी एका शब्दात उत्तर दिलं.

"नाही."