हवा लागू नये म्हणून

मांजरसुंब्याच्या चौकात एक पंक्चरवाला बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एका दुपारी त्यानं माझं चाक खोललं आणि मी उन्हातून त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरलो, तर काळ्या टायरांच्या मधोमध निळा उजेड पडलेली काचेची पेटी. आत खारं पाणी, आणि दगडाला चिकटलेला एक नारिंगी स्पंज. क्षणभर वाटलं, समुद्रच चुकून घाट चढून इथं येऊन झोपलाय.

"हा भांडी घासायचा पाण्यात कशाला ठेवलाय?" असं म्हणत मी तो उचलायला गेलो.

हातातली ट्यूब टाकून त्यानं माझं मनगट धरलं. "भायेर काढू नका, सायेब! जित्राब हाय ते. हवा लागली की मरतंय."

दिवसभर पाण्यात बुडबुडे शोधणारा तो माणूस खाली वाकला आणि स्पंजाच्या भोकांत एखादा बुडबुडा अडकलाय का, ते कितीतरी वेळ पाहत राहिला. बाहेर गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं. त्याचं लक्षच नव्हतं. पेटीतला पंप एकसारखा घुमत होता. मलाही त्यात लाटा ऐकू यायला लागल्या.

"कुठून आणलं?"

"पोरानं आनलं, पुन्याहून. तितं शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला हाय त्यो." ओला हात त्यानं शर्टाला पुसला. "आता सनावाराला बी येत न्हाई. त्याला पुन्याची हवा लागली."

मग माझ्या चाकात हवा भरता भरता, पेटीकडं बघत, तो हळूच म्हणाला, "ह्याला न्हाई लागू दिली."