खोक्यावरचा आकडा

माझ्या थोरल्या भावाला घरात सगळे पट्टी म्हणायचे. छापखान्यात पानं लावण्यात त्याची अर्धी हयात गेली आणि खिशातली स्टीलची पट्टी काही सुटली नाही. छापखाना बंद पडल्यावर तो वेबसाइटची पानं करायला शिकला, तेही पडद्याला पट्टी लावूनच. मी टिंगल करायचे, पण तो ढिम्म.

आईला काचबिंदू होता. तिच्या डोळ्यांच्या दवाखान्याने तपासणीची वेळ फोनवरच्या पानातूनच द्यायची ठरवली आणि ते पान करायचं काम दादाला मिळालं. आई शेजारणींना सांगत सुटली.

दादाने आईच्या फोनच्या खोक्यावर वाचलं, रुंदी १०८० पिक्सेल. झालं! पान तेवढंच रुंद केलं आणि कॉम्प्युटरवर अक्षरं मोजली. पण खोक्यावरचे पिक्सेल म्हणजे काचेतले बारीक ठिपके. पान मांडताना फोन तसे तीन ठिपके मिळून एक धरतो आणि आपली रुंदी ३६० सांगतो. ती रुंदी फोनलाच विचारायची सोडून दादाने खोक्यावरचा आकडा लिहून दिला. फोनने बिचाऱ्याने सगळं पान चेपून तिसऱ्या हिश्श्यावर आणलं. दादाकडे स्वतःचा जुना बटणांचा फोन, त्यामुळे त्याला हे दिसलंच नाही.

आई म्हणाली, "अरे, अक्षरं मुंगीएवढी दिसतायत. बटण कुठाय तेच कळत नाही."

"आई, मी मोजलीयत. चांगली मोठी आहेत."

मुलगा मोजून सांगतोय म्हणजे आपलेच डोळे गेले, असं तिने मनाशी धरलं. आता तपासून काय उपयोग, म्हणून वेळ घेतली नाही, औषधाचे थेंबही सोडले. विचारलं की सगळं ठीक आहे म्हणायची.

वर्षभराने ती भर दिवसा उंबऱ्याला अडखळून पडली, तेव्हा मी तिचा फोन हातात घेतला. माझ्या धडधाकट डोळ्यांनाही ते पान वाचता येईना. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आल्या असत्या तर नजर टिकली असती, गेलेली आता परत येत नाही. दादाचा मला भयंकर राग आला, आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

त्याच दुपारी त्याने पान दुरुस्त केलं. सुरुवात एका ओळीपासूनच करायची होती: रुंदी फोन सांगेल तीच धर. फोन आईच्या हातात देऊन म्हणाला, "आई, आता बघ. आता खरंच मोठी झालीयत."

आईने काचेवरून बोट फिरवलं.

"असतील रे," ती म्हणाली. "तू मोजली असशील ना."