यंत्रमानवाच्या आत कौसल्या होती

माझ्या घरात यातलं कुणाला काही ठाऊक नाही. नवऱ्याला सांगायचं राहिलं आणि तो गेला. मुलीला सांगावं असं दोनदा मनात आलं, दोन्ही वेळा मी चहा टाकायला उठले. तुम्हाला सांगते आहे ते एवढ्याचसाठी, की तुम्ही माझा चेहरा बघत नाही.

कुठून सुरू करू? नळदुर्गात आमची बायकांची शिवणकामाची सहकारी संस्था होती. शाळेचे गणवेश शिवायचो. नवरा सोलापूरला गिरणीत, महिन्यातून एकदा यायचा. त्यामुळं दिवसभरात मी बोलायची ती फक्त शेजारच्या मशिनवरच्या बाईशी. ती कौसल्या. आम्ही कौसा म्हणायचो. बेंबळीची, बौद्ध घरातली, नवऱ्यानं टाकलेली. उंच तर अशी, की प्रत्येक दारातून वाकून जायची, आणि मग मोकळ्यावर आली तरी वाकलेलीच राहायची. तिच्या वस्तीतल्या कुणाच्या हातचं पाणी मी त्याआधी प्याले नव्हते. तिच्या हातचं प्यायला लागले — आणि आपण किती मोठ्या मनाच्या, असं मला वाटायचं. हेही सांगून टाकते.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. संस्थेचं काम जवळजवळ थांबलं होतं. त्याच सुमाराला मुंबईची ती मंडळी आली. त्यांची टीव्हीवरची मालिका तीन वर्षं चालली होती — एक यान या ग्रहावरून त्या ग्रहावर जातं, त्यात एक यंत्रमानव. दर रविवारी सकाळी पंचायतीपुढं बसून आम्हीही ती बघायचो. चौथ्या वर्षी त्यांना ओसाड ग्रह हवा होता. दिग्दर्शक साहेब जीपमधून उतरले, चारी दिशांना बघितलं आणि हसले. झाड नाही, गवत नाही, नुसता तापलेला खडक. आम्ही ज्यासाठी रडत होतो, तेच त्यांना पाहिजे होतं.

वर्षभर राहिले ते. टीव्हीत जे यान झळकायचं, ते मागून बघितलं तर प्लायवूडला ठोकलेल्या पट्ट्या आणि चंदेरी रंग. यानातले लुकलुकणारे दिवे ट्रकच्या बॅटरीवर. परग्रहावरची माणसं म्हणजे रस्त्याच्या कामावर खडी फोडणारे आमचेच लोक, तोंडाला राख फासलेले. मला आधी फाटकं शिवायचं काम मिळालं, मग हळूहळू सगळे कपडे माझ्याच ताब्यात आले. यंत्रमानवाचा पोशाख पत्र्याचा, आत स्पंज आणि रेक्झिन. त्यात शिरणारा मुंबईचा माणूस दुसऱ्याच आठवड्यात उन्हाला भिऊन पळाला. त्या मापाचं उंच, सडपातळ माणूस आणायचं कुठून? कौसाचं नाव मीच सुचवलं.

आवाज मुंबईत भरायचे, भारदस्त पुरुषी. आत बाई आहे हे बाहेर सांगायचं नाही, अशी ताकीद होती. कौसाला त्याचं काही नव्हतं.

"आत कुणी बघत न्हाय गं इमल," ती म्हणायची. "म्या ताठ चालते."

आणि खरंच, त्या पत्र्यात ती ताठ चालायची. मी तिला तशी चालताना दुसरीकडं कधी बघितली नाही.

पोशाख मागून उघडायचा, सगळी हुकं माझ्या हातात. आतून ओरडलं तरी बाहेर ऐकू येत नसे. म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं — जीव घाबरा झाला की डावा हात सरळ वर. मी धावत जाऊन उघडायचं. साहेबांना हे माहीत नव्हतं. ते म्हणायचे, तुमचं तुम्ही बघा. तिनं तीन-चारदा हात वर केलाही होता, पण शॉटच्या आधी किंवा नंतर, बाकीचे पांगलेले असताना. कॅमेरा चालू असताना कधीच नाही.

आता त्या दिवसाकडं यायला हवं. मी उगाच रेंगाळते आहे, नाही का?

उन्हाळा टिपेला होता. साहेबांनी मला महिन्यापूर्वी म्हटलं होतं, विमलबाई, मुंबईला चला, कायमचं काम देतो. मी कुणाला न सांगता ट्रंक आवरून ठेवली होती. त्या दुपारी जेवताना साहेब सगळ्यांपुढं कौसाला म्हणाले, "खरा जीव या बाईंनी आणलाय. मुंबईला यांनाच न्यायला पाहिजे." आणि थोडं थांबून, "एकालाच नेता येईल मात्र." माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. कौसा लाजून खाली बघत भाकरी मोडत होती.

दुपारी दोनला मी तिला पोशाखात घातली. चार वाजून गेले तरी ती आतच. शेवटचा शॉट होता — यान निघून गेलंय, यंत्रमानव एकटा मागं राहिलाय, आणि तो माळावर दूर दूर चालत जातो. साहेबांना हवा तसा उजेड आणखी अर्ध्या तासाचाच होता. मी कॅमेऱ्याशेजारी उभी. ती चालत निघाली. दोनशे पावलं गेली असेल आणि तिनं डावा हात वर केला.

सरळ. डोक्याच्या वर.

मी पाहिला. इतरांनीही पाहिला, पण त्याचा अर्थ एकट्या मला माहीत होता. साहेब हळूच म्हणाले, "वा! हे तुम्ही सांगितलंत तिला?"

मी म्हटलं, "हो."

किती वेळ गेला? सावकाश शंभर मोजून होतील, एवढा. तिनं पुन्हा हात उचलला, या वेळी कोपरात वाकलेला. मग ती गुडघ्यावर बसली. मग आडवी झाली. साहेब 'कट' म्हणाले तेव्हा मी धावले, सगळ्यांच्या पुढं धावले. हुकं काढताना माझी बोटं भाजली.

भीती वाटली म्हणून गप्प राहिले, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. शॉट बिघडेल, साहेब चिडतील. खोटं आहे ते. तिचा हात वर गेला तेव्हा माझ्या मनात दोन शब्द आले होते — राहू दे. राहू दे जरा आत. एवढंच.

जीपनं सोलापूरला नेलं. वाचली ती. डॉक्टर म्हणाले, ऊन मेंदूपर्यंत गेलं. जीभ जड झाली, चाल डगमगती, आणि हात असे कापायचे की सुईत दोरा जाईना. शिवणं संपलं तिचं. त्या दुपारचं तिला काही आठवत नव्हतं. आठव्या दिवशी, एकेक शब्द ओढत तिनं मला विचारलं, "म्या हात... वर केला न्हाय का गं?"

मी म्हटलं, "न्हाय."

"येडीच म्या," ती म्हणाली. आणि माझ्या हातावर हात ठेवला. माझी समजूत घालायला!

मुंबईला मी गेले. मालिका आणखी वर्षभर चालली, तोवर तिथं शिवत होते. एका खोलीत चार बायका, आणि कुणाशीही बोलावंसं वाटत नसे. तो भाग दाखवायचा रविवार ठरला, तशी मी रजा काढून बेंबळीला तिच्या माहेरी आले आणि कौसाला म्हटलं, चल, परंड्याला माझ्या बहिणीकडं चार दिवस राहून येऊ. बहिणीकडं टीव्ही नव्हता, हे मला ठाऊक होतं. ती मात्र हरखली. "माझ्यासाठी एवढ्या लांबनं आलीस?" एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. त्या दुपारचं स्वतःला बघायची तिची एकच वेळ होती, ती मी अशी चुकवली.

पण पोरांना कोण अडवणार? त्या एका भागानंतर यंत्रमानवाचा तो हात सगळीकडं झाला. मुंबईत नव्या माणसाला साहेब दर भागात तसाच हात वर करायला लावायचे. परंड्याहून परत आलो तर बेंबळीच्या गल्लीत पोरं डावा हात उंच करून एकमेकांना सलाम ठोकत होती.

"ह्ये काय करत्यात गं?" कौसानं विचारलं.

"काय न्हाय. टीव्हीतलं कायतरी खूळ."

ती हसली. पोरांकडं बघून तिनंही आपला कापरा हात वर केला. पोरं ओरडली, हसली. मी तिची पिशवी धरून उभी होते.

पुढं मी नळदुर्गाला परतले. वर्षातून एक-दोनदा तिला भेटायला जायची. ती मला बघून दरवेळी आनंदायची, आणि मला तासाभरात तिथून निघावंसं वाटायचं. सांगायची संधी नव्हती असं नाही. तीस वर्षं संधीच संधी होती.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी बेंबळीला गेले. तिची भाची शिक्षिका आहे. वंदना झाल्यावर ती सगळ्यांपुढं उभी राहून म्हणाली, "आत्या नेहमी सांगायची, चूक माझीच होती, पण विमलमावशी सगळ्यांच्या आधी धावत आली म्हणून मी जगले. मावशी, तुम्ही दोन शब्द बोला."

लोकांनी माझ्यासाठी वाट केली. कुणीतरी हाताला धरून पुढं नेलं. मी बोलले. तिच्या शिवणकामाबद्दल बोलले, तिच्या उंचीबद्दल, ती किती मायाळू होती त्याबद्दल. आवाज एकदाही अडखळला नाही. बायका डोळे पुसत होत्या. बोलून झाल्यावर भाची माझ्या पाया पडली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग त्यांनी जेवायला वाढलं. मी जेवले, आणि दुपारच्या एसटीनं घरी आले.