दर्यातुफानचं पान

"कोण म्हणतं?"

चष्मा कपाळावर सरकवून, हनुवटी जराशी वर करून बाई हे दोन शब्द विचारायच्या, तेव्हा समोरच्या माणसाला आपण काहीतरी चोरून आणलंय असं वाटायला लागायचं. आंबा गोड आहे म्हणा, शेजारच्या मुलीला चांगलं स्थळ आलंय म्हणा, देऊळ हजार वर्षांचं आहे म्हणा. "कोण म्हणतं?" देवळाचा गुरव तर त्यांना लांबून बघूनच गाभाऱ्यात शिरायचा.

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल. नसेल तर तुमचं गाव सुखी आहे.

निवृत्तीनंतर त्या आमच्या नागावात राहायला आल्या. आयुष्यभर एका कॉलेजात ग्रंथपाल होत्या. लग्न केलं नव्हतं. मुंबईला एक भाची, एवढाच गोतावळा. माझ्या होमस्टेला लागून त्यांची छोटी वाडी होती. आमची ओळख झाली ती माझ्या पाटीवरून. 'रायगड किनाऱ्यावरचं सर्वोत्तम माशाचं जेवण' असं मी हौसेने रंगवून घेतलं होतं. बाईंनी कुंपणापलीकडून ते वाचलं.

"सर्वोत्तम? कोण म्हणतं?"

"गिऱ्हाइकं म्हणतात, बाई."

"परवाचं गिऱ्हाईक कोलंबी शिळी म्हणत होतं. मी ऐकलं."

शेवटी कटकट नको म्हणून मी 'सर्वोत्तम'वर रंग फासला. आता पाटीवर नुसतं 'रायगड किनाऱ्यावरचं माशाचं जेवण' उरलंय. दिसायला भिकार, पण खरं.

बाईंचा खरा धंदा वेगळाच होता. इंटरनेटवर जो मुक्त ज्ञानकोश आहे, ज्यात कुणीही उठावं आणि लिहावं, त्याच्या मराठी आवृत्तीत त्या संपादन करायच्या. संपादन म्हणजे मुख्यतः उडवणं. त्यांच्या घरातलं नेट सारखं जायचं, म्हणून दुपारी लॅपटॉप घेऊन त्या माझ्या ओटीवर येऊन बसायच्या. स्वतःच स्वतःला 'युवकांचे प्रेरणास्थान' लिहिणारे नगरसेवक, आपल्याच मंडळाचा पुरस्कार आपणच घेतलेले कवी, समुद्र दिसत नसलेली 'सी व्ह्यू' रिसॉर्टं, यांची पानं त्या रोज झाडून काढायच्या. "लिहिणारे ढीगभर आहेत," त्या म्हणायच्या, "केर काढायला कुणी नाही." हळूहळू मलाही त्यांनी त्या कामाला जुंपलं. मला त्यातलं एवढंच आवडलं की माणसं किती खोटं लिहितात ते घरबसल्या बघायला मिळतं.

अशात एक दिवस जितू आला. जितू म्हणजे 'दर्यातुफान बेंजो पार्टी'चा मॅनेजर. हळदीला नाही तर गणपतीच्या मिरवणुकीला तुम्ही आमच्या भागात आला असाल, तर बेंजो पार्टी तुम्ही ऐकली आहेच, ऐकायची नसली तरी. टेम्पोवर रचलेले स्पीकर, पुढे ताशे, मध्ये बेंजो आणि कीबोर्ड, आणि सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे चकचकीत शर्ट. जितूच्या मागे त्याचे काका उभे होते. दामूकाका. पार्टी त्यांनीच काढलेली. आता बोटं वाकडी झाल्यामुळे वाजवणं सुटलं होतं.

"भाऊ, आपलं पण पान पाहिजे नेटवर," जितू म्हणाला. "पनवेल-उरणचं गिऱ्हाईक सर्च मारतं ना, तर पहिलं आपलं पान यायला पाहिजे. त्या गव्हाणच्या बेंजोवाल्यांचं नाय अजून. त्यांच्याआधी टाका."

मी लिहिलं. 'कोकणातील एक अग्रगण्य वाद्यवृंद' अशी सुरुवात केली आणि जितूने मोबाईलवर पाठवलेली सगळी विशेषणं ओळीने मांडली. दुपारी बाई ओटीवर आल्या, लॅपटॉप उघडला, आणि चहा यायच्या आत माझ्या पानावर लाल पट्टी लागली. 'उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. वगळण्यासाठी प्रस्तावित.'

"बाई, मी समोर बसलोय. तोंडाने तरी सांगायचं."

"तोंडाने सांगितलेलं टिकत नाही. चर्चापानावर उत्तर दे."

चर्चापान म्हणजे त्या लेखाबद्दल वाद घालायची जागा. पान ठेवायचं की वगळायचं हे तिथे ठरतं. जितूला ते कळलं आणि त्याने पार्टीतल्या सगळ्या पोरांना कामाला लावलं. संध्याकाळपर्यंत पान भरून वाहायला लागलं. 'ठेवा भावा.' 'दर्यातुफान नंबर एक.' 'नाद नाय करायचा.' एकाने नुसती आग लागलेली चित्रं टाकली होती. बाईंनी खाली एकच ओळ लिहिली, 'ही हळद नाही. इथे गर्दी मोजत नाहीत, पुरावा बघतात.'

मग जितूने पुरावे आणले. वर्तमानपत्रांची तीन कात्रणं. ती तिन्ही साप्ताहिकं अशी, की जाहिरात दिली की बातमी त्यांच्याकडून फुकट मिळते. बाईंनी कात्रणं शेजारी शेजारी मांडली आणि मोठ्याने वाचली. तिन्हींत दर्यातुफानने 'रसिकांच्या मनावर अधिराज्या गाजवले' होते. अधिराज्या. तीन संपादक, तीन छापखाने, आणि तिघांच्या हातून तोच काना चुकून पडलेला.

"अधिराज्या," बाई पुन्हा म्हणाल्या. हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर जितूला बरं वाटलं असतं.

तो चिडला. दुसऱ्या दिवशी दामूकाकांना घेऊन थेट बाईंच्या वाडीत गेला. भांडण होणार म्हणून मीही मागोमाग गेलो, थोडं सोडवायला, बरंचसं ऐकायला.

"तुम्हाला गाण्यातलं काय कळतं का मॅडम?" जितूने तोफ डागली. "कधी ऐकलंय आमाला?"

"दर हळदीला ऐकते. खिडक्या लावून."

"बघा, बघा कशा बोलतात!"

दामूकाकांनी त्याला हाताने गप्प केलं. ते पायरीवर टेकले. "बाय," ते म्हणाले, "मना पान नको. पार्टीला बी नको. फक्त त्या चालीचं लिवा."

"कुठल्या चालीचं?"

त्यांनी गुणगुणून दाखवली. ती चाल तुम्हाला माहीत आहे. मुंबईपासून श्रीवर्धनपर्यंत एकही हळद तिच्याशिवाय लागत नाही. एका कॅसेट कंपनीने ती काढली होती आणि खाली 'पारंपरिक' असं छापलं होतं.

"ती माजी हाय," दामूकाका म्हणाले. "होडीवर बसून बसवली. कंपनीचा मानूस लग्नात आला, टेप करून गेला."

बाईंचा चष्मा कपाळावर गेला. मी मनात म्हटलं, नको. आज तरी नको.

"कोण म्हणतं?"

"मी म्हनतो."

"तुम्ही म्हणून चालत नाही. दुसरं कुणी?"

म्हाताऱ्याने वाकड्या बोटांवर एकेक माणूस मोजला. "माज्यासंगं वाजवनारे गेले, बाय. ज्याच्या लग्नात वाजवली तो बी गेला. आता कोन म्हनल?"

जितूने तोंड फिरवलं. मग दोघं उठून गेले. संध्याकाळी बाईंनी पान वगळायला लावलं. मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी ओटीवरचं नेट बंद ठेवलं.

तिसऱ्या दिवशी त्या लॅपटॉप न घेताच आल्या. "म्हातारा खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या.

"कोण म्हणतं?" मी सूड उगवला.

"मी म्हणते. आणि माझं म्हणणं चालत नाही, हीच पंचाईत आहे."

त्यानंतर बाईंनी जे आरंभलं त्याला मदत म्हणावं की छळ, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. लोकसंगीतावर जाड जाड ग्रंथ लिहिणारे मुंबईचे एक प्राध्यापक होते. बाईंनी त्यांना मेल पाठवली. आधी मला वाचून दाखवली. 'आपल्या ग्रंथात हळदीच्या गाण्यांवर दीड पान आहे आणि तेही दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेलं आहे. गेटवेहून मांडव्याला बोट येते. आपल्याला लागते का?' असल्या मेलला कुणी उत्तर देत नाही. पण प्राध्यापक आले. रागावूनच आले, पण आले.

बाईंनी त्यांना वाडी-वाडी फिरवलं. स्वतः एका शब्दाने मदत केली नाही. "मी सुचवलं तर तो तुमचा शोध राहणार नाही," असं म्हणून रिक्षात बसून राहायच्या. शेवटी थेरोंड्याच्या बाजूला एक धवलारीण भेटली. लग्नात धवळे गाऊन विधी लावणारी, आता पार थकलेली. प्राध्यापकांनी चाल ऐकवताच ती म्हणाली, "ही दाम्याची. माज्या धाकट्या नणंदेच्या हलदीत पयल्यांदा वाजली. बाया नाचायच्या थांबून ऐकत राहिल्या." कॅसेटचं तेव्हा नावही नव्हतं, असं ती म्हणाली. नणंदेनेही तेच सांगितलं, तिच्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कॅसेट आली असं. मग कीबोर्डवरच्या आणि ताशावरच्या पोरांना शेजारी बसवून दामूकाकांनी वाकड्या बोटांनी चाल जशी मुळात होती तशी वाजवून दाखवली. प्राध्यापकांचे डोळे भरले. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"ताशा फार आहे," बाई म्हणाल्या.

प्राध्यापकांचा लेख एका नियतकालिकात आला. जितू मिठाई घेऊन आला, आता पान होणार म्हणून. बाईंनी मिठाई परत केली. "लेख चालीवर आहे. तुझ्या पार्टीवर नाही." दर्यातुफानला पान मिळालं नाही, आजही नाही. गव्हाणवाल्यांनी मध्यंतरी बनवलं होतं, तेही बाईंनी उडवलं, एवढंच जितूचं समाधान.

पण हळदीच्या गाण्यांवरच्या जुन्या लेखात बाईंनी एक वाक्य घातलं. 'ही चाल पारंपरिक मानली जात असली, तरी ती नागाव येथील बेंजोवादक दामोदर यांनी बांधल्याचे संशोधनात नोंदवले आहे.' खाली संदर्भ. मी ते मोबाईलवर दामूकाकांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"अग्रगन्य वगैरे नाय ना लिवलं?"

"नाही."

"बरं केलं," ते म्हणाले. "मंग लोकांना पटल."

पुढे बाईंना दम लागायला लागला. भाची येऊन त्यांना मुंबईला घेऊन गेली, आणि पावसाळ्यात, बोटी बंद असताना, त्या तिथेच गेल्या. आम्हाला दोन दिवसांनी कळलं. वाडी आता एका रिसॉर्टवाल्याने घेतली आहे. त्याने पाटीवर काय लिहिलंय ते मी वाचत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मांडव्याच्या धक्क्यावर. दामूकाका सोड्यांचं पुडकं घेऊन आले होते, वाळवलेल्या कोलंबीचं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ते त्यांनी बाईंपुढे केलं.

"अहो, बोटभर वास सुटेल," बाई करवादल्या. "लोक काय म्हणतील? आणि एवढं कोण खाणार आहे?"

भाची ते सामानात ठेवायला गेली, तर बाईंनी तिच्या हातून ओढून घेतलं. बोट सुटली तेव्हा त्या वरच्या डेकवर खिडकीशी बसल्या होत्या. शेजारची बाई नाकाला रुमाल लावून त्यांच्याकडे बघत होती. बाईंनी आमच्याकडे हात केला नाही. दोन्ही हातांनी त्यांनी ते पुडकं मांडीवर घट्ट धरलं होतं.